हीटर सगळ्यात शेवटी बंद करा

प्रश्न थोडक्यात असा: १२० लिटरची टाकी, पाणी २६ अंशांवर, आत निऑन टेट्रांचा थवा, दोन एंजल, काही गप्पी आणि तळाला एक प्लेको. हीटर काढून याच टाकीत गोल्डफिश ठेवायचे आहेत. जुने मासे हळूहळू थंडीला सरावतील का, फिल्टर आणि खडे तेच चालतील का, किती गोल्डफिश मावतील आणि सुरुवात कुठून करायची?

सुरुवात हीटरपासून करू नका, एवढं आधी सांगतो. बहुतेक जण पहिल्याच दिवशी हीटरचा प्लग काढतात, कारण या सगळ्यात तेच काम सोपं आहे. पण दोन कामं उबदार पाण्यात भराभर होतात आणि गार पाण्यात रखडतात. एक, फिल्टरमधल्या जिवाणूंची वाढ. दुसरं, जुन्या टाकीत राहून गेलेल्या परजीवींचा निकाल. ही दोन्ही उरकेपर्यंत हीटर तुमच्या कामाचा आहे. म्हणून क्रम असा ठेवा: आधी खोलीचं तापमान तपासायचं, मग जुन्या माशांची सोय लावायची, मग माशांविना पण उबदार असलेल्या टाकीत तळ आणि फिल्टर तयार करायचा, त्यानंतर पाणी गार करायचं आणि शेवटी नवे मासे आणायचे.

खोलीचं तापमान तपासायचं कारण असं की हीटर नसलेल्या टाकीचं तापमान खोली ठरवते. टाकीशेजारी पाण्याने भरलेली एक बादली ठेवा, तिच्यात साधा थर्मामीटर सोडा आणि दोन-तीन आठवडे पहाटे एकदा व दुपारी उशिरा एकदा आकडा लिहून ठेवा. नुसत्या हवेचं तापमान मोजून नीट अंदाज येत नाही, कारण पाणी हवेपेक्षा फार सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. प्रत्यक्ष टाकी बादलीपेक्षा एखाद-दोन अंश गरमच राहते: वर दिवा असतो, पंपाची मोटर उष्णता सोडते आणि झाकणामुळे वाफ अडते. हे सगळं थंडीच्या दिवसांत मोजून खूश होऊ नका. टाकीचा खरा कस वर्षातल्या सर्वांत गरम आठवड्यांत लागतो.

बादली वर्षभर साधारण १६ ते २२ अंशांत राहत असेल तर निवड मोकळी आहे. उन्हाळ्यात पाणी २४-२५ पर्यंत जात असेल तरी पुष्कळ मासे जमतात. पण ते महिनोन् महिने २८ किंवा त्याच्या वर राहत असेल, तर हीटर काढूनही तुमची टाकी ट्रॉपिकल, म्हणजे उबदार पाण्याचीच राहणार. तिला थंड पाण्याची टाकी म्हणण्यात काही अर्थ नाही. तशा खोलीत मासे बदलण्याचा खटाटोपच कशाला? आहेत तेच ठेवा आणि हीटर फक्त थंडीपुरता लागेल असा लावा.

गरम आठवड्यांसाठी उपाय आहेत, पण प्रत्येकाला मर्यादा आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा वारा सोडणारा छोटा पंखा कोरड्या हवेत २ ते ४ अंश उतरवतो, दमट हवेत त्याहून कमी. तो वाफ करूनच गारवा देतो, त्यामुळे पाणी रोज भरावं लागतं. वाफ होताना क्षार मागे राहतात, म्हणून नुसती भर घालत राहिलात तर पाणी जड होत जातं. नियमित पाणी बदलणं त्यावर पुरेसा उतारा आहे. बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडण्याचा सल्ला मला अजिबात पटत नाही. त्याने दिवसातून दोनदा पाणी तीन-चार अंश खाली-वर होतं आणि माशाला स्थिर २६ अंशांपेक्षा हा झोका जास्त बाधतो. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, काम चोख करतो, पण पाण्यातून काढलेली उष्णता त्याच खोलीत ओततो. खोली बंदिस्त असेल तर हे ध्यानात ठेवा.

तापमानाची एवढी चर्चा मुख्यतः ऑक्सिजनसाठी. गोडं पाणी पूर्ण संपृक्त असेल तर २६ अंशांना लिटरमागे सुमारे ८.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, २० अंशांना ९.१ आणि १५ अंशांना १०.१. माशाची गरज नेमकी उलट चालते. पाणी तापलं की चयापचय वाढतो आणि ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणून थंड पाण्याच्या माशांच्या टाकीत बहुतेक दुर्घटना थंडीत होत नाहीत, त्या कडक उन्हाळ्यात पहाटेच्या सुमारास होतात. एअर पंप हिवाळ्यात शोभेचा वाटला तरी तो काढू नका.

आता जुने मासे. 'हळूहळू सरावतील का' या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही. माशाची एन्झाइम्स, पचन आणि रोगप्रतिकारशक्ती त्याच्या जातीच्या तापमानाशी बांधलेली असते. पाणी दिवसाला एक अंश उतरवलं तर धक्का बसत नाही हे खरं, पण त्या जातीची खालची मर्यादा त्याने बदलत नाही. इथे फसायला होतं, कारण मासा त्या दिवशी मरत नाही. १९ अंशांत एंजल आठवडाभर बरा दिसतो, थोडा मंद होतो, खाणं कमी करतो. मग तीन-चार आठवड्यांनी पंखांवर कापसासारखी बुरशी येते, पोट फुगतं किंवा अंगावर पांढरे ठिपके उठतात, आणि आपण औषधांच्या मागे लागतो. कारण तापमान असतं, पण तोवर ते कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

तुमच्या यादीपुरतं बोलायचं तर एंजलला २४ च्या खाली ठेवू नये. निऑन २१-२२ पर्यंत आरामात राहतो, त्याखाली नको. त्याचाच भाऊबंद कार्डिनल मात्र उबेचा मासा आहे, त्याला निऑनचे आकडे लावू नका. गप्पी २० पर्यंत निभावतात, पण लांब शेपटीच्या निवडक रंगांच्या जाती नाजूक असतात. साध्या, मिश्र रक्ताच्या गप्पींचं सोडा, बाकीच्यांवर प्रयोग नको. प्लेकोबद्दल एक वेगळी सूचना. 'गोल्डफिशबरोबर प्लेको ठेवा, शेवाळ खाईल' असं सर्रास सांगितलं जातं. साधा प्लेको ४० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, त्याला ऊब लागते, आणि रात्री तो गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याचा चिकट थर खरवडतो. गोल्डफिश संथ असल्यामुळे तो सुटतही नाही. ही जोडी कुठल्याच तापमानाला जमत नाही.

म्हणजे या सगळ्या माशांना दुसरं उबदार घर शोधायचं आहे. ते मिळेपर्यंत टाकी २५-२६ वरच चालू राहू द्या. 'तोपर्यंत थोडं थोडं उतरवत राहू' ही अर्धवट अवस्था सगळ्यात वाईट. त्यात जुने मासे आजारी पडतात आणि त्यांचा आजार नव्यांना वारसा म्हणून मिळतो. आणि नको झालेले मासे नदी-तलावात सोडायचे नाहीत, हे सांगावं लागू नये पण लागतं.

जुने मासे गेले की खरं काम सुरू. टाकीत मासा नाही, पाणी २६ अंशांवर आहे, फिल्टर चालू आहे. ही अवस्था दोन आठवडे तरी टिकवायची.

पहिलं कारण व्हाइट स्पॉटचा, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके उठवणाऱ्या रोगाचा परजीवी. तो माशाच्या अंगातून बाहेर पडून तळाशी फुटतो आणि त्यातून शेकडो पोहणारी पिल्लं निघतात. त्यांना साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. २५-२६ अंशांना हा पूर्ण फेरा आठवड्याच्या आसपास आटपतो, म्हणून बिनमाशांची उबदार टाकी दोन आठवड्यांत स्वच्छ होते. तेच पाणी १० अंशांना आणलं तर एका फेऱ्याला महिन्याहून जास्त लागू शकतो. घाईने हीटर काढणारा माणूस नकळत परजीवीला मुदतवाढ देतो.

दुसरं कारण फिल्टर. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू २५ ते ३० अंशांत जोमाने वाढतात. १८ अंशांना त्यांच्या वाढीचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो आणि १० च्या खाली तर फारच मंदावतो. गोल्डफिश मात्र टेट्रापेक्षा कित्येक पट घाण करतात. म्हणजे बदलानंतर काम वाढणार आणि कामगारांचा वेग कमी होणार. त्यावर उपाय एकच: पाणी उबदार आहे तोवर कामगार वाढवून घ्या.

हे करायला मासे लागत नाहीत, अमोनिया लागतो. अमोनियम क्लोराइड वापरता आलं तर उत्तम. १२० लिटरला पाऊण ग्रॅमच्या आसपास घातलं की लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. आत वाळू-खडे असल्याने खरं पाणी १२० लिटरपेक्षा कमीच असतं, म्हणून टेस्ट किटवर खात्री करा. ते मिळत नसेल तर रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकून कुजू द्या; वेळ जास्त लागतो, पाणी थोडं गढूळ होतं, पण चालतं. साबण किंवा सुगंध मिसळलेला घरगुती सफाईचा अमोनिया मात्र नको. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येत असतील तर पुन्हा तेवढाच डोस द्या. असं ओळीने काही दिवस जमलं की फिल्टर तयार झाला. जुनी चालती टाकी असल्यामुळे हे लवकर होतं. नव्या टाकीला महिना-दीड महिना लागतो.

या काळात स्पंज आणि मीडिया (फिल्टरमधलं जिवाणू धरून ठेवणारं सामान) नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने सगळी मेहनत वाया जाते. फार चिकट झाले असतील तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. आणि फिल्टर बंद ठेवून 'मासे नाहीत तर चालवायचा कशाला' असा हिशेब करू नका. जिवाणूंना सतत ऑक्सिजन लागतो, बंद डब्यात ते काही तासांतच गुदमरायला लागतात.

इथेच पीएचचा एक सापळा आहे, आणि तो फार लोकांना माहीत नसतो. टेट्रांची जुनी टाकी बहुधा आम्लधर्मी झालेली असते: लाकूड, पानं, कमी पाणी बदलणं, आणि खुद्द जिवाणूंचं काम. अमोनियातल्या एका मिलिग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट होताना सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्च होते. वर्षभर हे चालू राहिलं की पाण्याचा केएच, म्हणजे कार्बोनेट कठीणपणा, जवळजवळ संपतो आणि पीएच ६.५ किंवा त्याखाली घसरतो. तिथे जिवाणूही सुस्तावतात, अमोनिया साचतो, पण माशांना फारसं काही होत नाही. कारण कमी पीएचला जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असतो. मग गोल्डफिशसाठी म्हणून कुणी एकदम निम्मं पाणी बदलतो, पीएच साडेसातवर जातो, आणि विषारी अमोनियाचा वाटा दहापट होतो. मासे तासाभरात वर येऊन धापा टाकतात. लोक म्हणतात 'पाणी बदललं म्हणून मेले'. पाणी वाईट नव्हतं, आधीचं साचलेलं वाईट होतं.

म्हणून मासे नसतानाच हे करून घ्या. आधी अमोनिया, पीएच आणि केएच मोजा. मग दोन-तीन मोठे पाणी-बदल निर्धास्तपणे करा, आता आत कुणी नाही. गोल्डफिशला पीएच ७ ते ८ आणि केएच ४ ते ८ डिग्री मानवतो. तुमच्या नळाचं पाणीच तेवढं असेल तर काही घालू नका. फारच मऊ असेल तर फिल्टरमध्ये पोवळ्याचा चुरा किंवा शिंपल्यांची एक पिशवी ठेवा, ती हळूहळू विरघळून आधार देते. तातडीने हवं असेल तर १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याच्या सोड्याने केएच साधारण १ डिग्रीने वाढतो. गार पाण्यात अमोनिया थोडा कमी विषारी असतो हा एक फायदा जाताजाता सांगतो: पीएच ८ असताना २५ अंशांना एकूण अमोनियाचा सुमारे ५.४ टक्के भाग विषारी रूपात असतो, २० अंशांना ३.८ टक्के. पण या सवलतीवर विसंबून चाचणी टाळू नका.

खडे बदलायचे तर तेही आताच. गोल्डफिश दिवसभर तळ उकरतो आणि प्रत्येक खडा तोंडात घेऊन थुंकतो. वाटाण्याएवढे खडे त्याच्या घशात अडकतात. हा दुर्मीळ अपघात नाही. एक तर बारीक वाळू घ्या, नाही तर त्याच्या तोंडापेक्षा मोठे गुळगुळीत गोटे ठेवा. जुन्या खड्यांखाली वर्षांचा गाळ असतो आणि तो ढवळला की जे वर येतं ते कुठल्याही माशाच्या अंगावर सोडू नये, म्हणून रिकाम्या टाकीत हे काम करणं सोयीचं. खड्यांवरही जिवाणू असतात, तेव्हा अमोनियाची शेवटची चाचणी खडे बदलल्यानंतर घ्या.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट तपासायची आहे. गेल्या काही महिन्यांत जुन्या टाकीतले मासे एकेक करून बारीक होत गेले, कणा वाकला, अंगावर बरे न होणारे व्रण आले, असं झालं असेल तर क्षयाच्या जातीचा जंतू असण्याची शक्यता असते. तो गार-गरम दोन्ही पाण्यात तग धरतो आणि माणसाच्या हातावरच्या जखमेतूनही शिरतो. अशा टाकीचं रूपांतर करू नका. हातमोजे घालून ती पूर्ण रिकामी करा, मीडिया-खडे-वनस्पती फेकून द्या, टाकी ब्लीचने निर्जंतुक करून खडखडीत वाळवा आणि शून्यातून सुरू करा. तसंच टाकीत कधी तांब्याचं औषध वापरलं असेल आणि पुढे कोळंबी ठेवायचा बेत असेल तर खडे आणि जुना मीडिया बदललेला बरा.

आता मासे कोणते, यावर मी स्पष्ट बोलतो. १२० लिटर ही गोल्डफिशसाठी छोटी टाकी आहे. धूमकेतूसारख्या एका शेपटीच्या कॉमेटला किंवा साध्या गोल्डफिशला ती बिलकूल नको. ते २०-३० सेंटिमीटर होतात, वेगाने पोहतात आणि त्यांना तळंच हवं. ओरांडा, रयुकिन, फँटेल यांसारख्या गोलमटोल जातींचे दोन मासे इथे मावतात, तेही दर आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदलायची तयारी असेल तर. तिसरा मासा 'लहान आहे अजून' म्हणून आणू नका. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा ते वीस वर्षं जगतो, लहान राहत नाही. 'टाकीच्या मापाने मासा वाढतो' असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ वाईट पाण्यात वाढ खुंटते, एवढाच. पण या गोल जातींना कडाक्याची थंडी सोसत नाही. १८ ते २३ हा त्यांचा पट्टा धरा.

मला विचाराल तर या मापाच्या टाकीत मी गोल्डफिश ठेवणारच नाही. व्हाइट क्लाउड मिनो हा मासा फार दुर्लक्षित राहिला आहे. १९३२ मध्ये शास्त्रीय नोंद झालेला हा चीनमधल्या ग्वांगजौजवळच्या बैयुन डोंगराचा रहिवासी. मूळ ठिकाणी जवळपास नामशेष झाला, पण टाक्यांमध्ये भरपूर वाढला. तीन-चार सेंटिमीटरचा, लाल पंखांचा, १६ ते २२ अंशांत खऱ्या अर्थाने खुलणारा. बारा-पंधराचा थवा सोडा, कोपऱ्यात जावा मॉसचा गठ्ठा ठेवा. अंडी-पिल्लंही आपसूक दिसू लागतील. उबदार पाण्यात तो जगतो पण आयुष्य घटतं, म्हणून ट्रॉपिकल टाकीत त्याची खरी शान दिसत नाही. तळाला त्याच्यासोबत पेपर्ड कोरी, म्हणजे तळाशी राहणारे छोटे मासे, सहा. हा कोरी दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागातला आहे, गार पाण्याच्या बदलाने तर तो अंडी घालायला लागतो. पण सगळेच कोरी असे नसतात, स्टर्बाय कोरीला ऊबच हवी. चेरी कोळंबीही या मेळात बसते.

खोली थोडी गरम, म्हणजे २४-२५ पर्यंत जाणारी असेल तर झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब. दोघेही हिवाळ्यात बऱ्यापैकी गार होणाऱ्या ओढ्या-नद्यांतले, चिवट आणि चपळ. लांब शेपटीच्या माशांबरोबर मात्र रोझी बार्ब ठेवू नका, तो शेपट्या कुरतडतो. पॅराडाइज फिश १६ पासून २६ पर्यंत मजेत राहतो आणि दिसायला देखणा आहे, फक्त स्वभावाने भांडखोर. एकच नर ठेवा. हिलस्ट्रीम लोच सुंदर आहे पण त्याला जोराचा प्रवाह आणि भरपूर ऑक्सिजन हवा, नुसतं गार पाणी पुरत नाही. वेदर लोच २० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि झाकणाच्या फटीतून निसटतो. आणि गोल्डफिशबरोबर व्हाइट क्लाउड ठेवायचे नाहीत, एक दिवस मोजणीत कमी भरतील.

वनस्पतींचा प्रश्न सोपा आहे. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट हे सगळे गार पाण्यात चालतात, वाढ जरा मंदावते. गोल्डफिश मऊ पानं खाऊन टाकतो; त्याच्यासाठी दगडाला बांधलेले अनुबियास आणि जावा फर्न एवढेच धरा.

आता पाणी गार करण्याचा दिवस. टाकीत मासा नसेल तर सावकाशीची गरज नाही, प्लग काढा आणि एक-दोन दिवसांत पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. जुन्यांपैकी एखादी चालण्याजोगी जात, समजा झेब्रा, आतच ठेवली असेल तर मात्र दिवसाला एकच अंश, आणि वाटेत दोन-तीन दिवस थांबा घेतला तर उत्तम. गार झाल्यावर अमोनियाची तीच चाचणी पुन्हा घ्या. २६ अंशांना चोवीस तासांत साफ होणारा डोस २० अंशांना जास्त वेळ घेईल. तो किती घेतो त्यावर नवे मासे किती टप्प्यांत आणायचे ते ठरवा. दीड दिवसात साफ झाला तर एक गोल्डफिश आधी, दुसरा तीन-चार आठवड्यांनी. पहिल्या माशाच्या आदल्या दिवशी मोठा पाणी-बदल करून नायट्रेट उतरवा.

खाद्याचीही सवय बदलावी लागेल. गोल्डफिशला जठर नसतं, अन्न थेट आतड्यात जातं, म्हणून एकदम भरपूर देण्यापेक्षा दिवसातून दोनदा थोडं द्यावं. गोल जातींना तरंगणारे दाणे दिले की त्या हवा गिळतात. बुडणारे दाणे घ्या. १२ अंशांखाली पचन फार मंद होतं, तेव्हा खाद्य दोन-तीन दिवसांतून एकदा, आणि ८-१० च्या खाली जवळपास बंद. ट्रॉपिकल माशांच्या सवयीने रोज चिमूट टाकत राहिलात तर ती तळाशीच कुजते.

आता नव्या माशांचं आगमन, आणि हीटर इथे परत उपयोगी पडतो. दुकानात गोल्डफिश पुष्कळदा ट्रॉपिकल माशांच्याच सामायिक पाण्यात, २६-२७ अंशांवर असतात. तो मासा 'थंड पाण्याचा' म्हणून सरळ तुमच्या १९ अंशांच्या टाकीत सोडलात तर त्याला सात-आठ अंशांचा धक्का बसतो. अर्धा तास पिशवी तरंगवल्याने तो टळत नाही. दुकानातच थर्मामीटर बुडवून बघा. घरी वेगळ्या डब्यात किंवा छोट्या टाकीत, तुमच्या चालू फिल्टरमधला एक स्पंज घालून, हीटर दुकानाच्याच तापमानाला लावा. सुरुवातीचे दोन आठवडे तसंच उबदार ठेवा, म्हणजे व्हाइट स्पॉट असेल तर लवकर दिसेल आणि उपचारही लवकर होतील. त्यानंतर दिवसाला एक अंश उतरवत मुख्य टाकीच्या बरोबरीला आणा. एकूण महिनाभराचा विलगवास धरा. थेट गार पाण्यातच विलग ठेवणार असाल तर सहा आठवडे, कारण तिथे रोग उशिरा तोंड दाखवतो.

मासे मुख्य टाकीत गेले की तो हीटर माळ्यावर टाकू नका. गोल जातींसाठी तो १८ वर लावून टाकीतच ठेवा. एखाद्या कडाक्याच्या रात्री पाणी घसरलं तर तो सांभाळेल, एरवी बंदच राहील. व्हाइट क्लाउडसाठी १५-१६ पुरेसं आहे, पण बऱ्याच हीटरचा डायल १८ किंवा २० च्या खाली जात नाही. तशा वेळी बाहेरून जोडायचा थर्मोस्टॅट लावा. गोल्डफिश अंगाने जड आणि धसमुसळे, त्यामुळे काचेच्या हीटरला जाळीचं कव्हर हवं. आणि पाणी बदलताना पातळी त्याच्या खाली जाणार असेल तर अर्धा तास आधी प्लग काढा. कोरड्यात तापलेली काच गार पाणी लागताच तडकते.